राजपुरोहिताची औटकी

माझ्या सासऱ्यांशी भांडता येत नाही, हा माझ्या संसारातला मोठा जाच आहे. ते मला ‘जावईबापू’ म्हणतात, अहो-जाहो करतात आणि मी कामावरून घरात शिरलो की खुर्चीतून अर्धवट उठतात. आपल्याला बघून अर्धवट उठणाऱ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसावर आवाज चढवायचा कसा? त्यामुळे त्या हिवाळ्यात ते अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये व्हिजिट व्हिसावर राहायला आले, तेव्हा आखातातल्या त्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये नळ सोडून मी माझा संताप काढायचो. मग वाळवंटात राहून पाणी वाया घालवलं म्हणून स्वतःलाच बोल लावायचो. माझा स्वभावच तसा आहे. चूक कुणाचीही असो, अपराधी मला वाटतं.

मंदी येऊन वर्ष उलटलं होतं. मुलीच्या वर्गात थोड्या थोड्या दिवसांनी कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला जायचा. ती घरी येऊन “पप्पा, वन मोर गॉन” एवढंच म्हणायची आणि दप्तर टाकून टीव्ही लावायची. पुढचा केक आपला असेल का, हे ती विचारत नव्हती. मीच मनात विचारत होतो.

आमची कंपनी डबिंगची. बाहेरच्या मालिका आणि चित्रपट घ्यायचे, त्यांतली माणसं हिंदीतून बोलती करायची आणि आखातातल्या हिंदी चॅनलला द्यायची. संवाद लिहून घेणं, वाक्यं ओठांशी जुळवणं, कुणाला कुणाचा आवाज द्यायचा ते ठरवणं आणि रेकॉर्डिंगला उभं राहणं, हे माझं काम. पूर्वी आमचं ऑफिस काचेच्या टॉवरमध्ये होतं. मंदीनंतर आमच्या लेबनानी साहेबाने सगळा बाडबिस्तरा कुसैसच्याच इंडस्ट्रियल भागातल्या एका शेडमध्ये हलवला. शेजारी संगमरवर कापायचा कारखाना होता. त्याची करवत चालू झाली की आमच्या बूथच्या भिंतीला चिकटवलेला स्पंजसुद्धा थरथरायचा. करवत थांबायची ती दुपारच्या नमाजाला आणि जेवणाला. तेवढ्या वेळात आमचे राजे आणि राण्या घाईघाईने प्रेम करून घ्यायचे, घाईघाईने मरून घ्यायचे. साहेब म्हणायचा, “हबीबी, काम आहे ना हातात? अल्हम्दुलिल्ला म्हण.” मी म्हणायचो. ऑफिसातल्या निम्म्या लोकांना घरी पाठवून मला ठेवलं होतं, त्याचीही टोचणी होतीच.

नव्या मालिका परवडत नाहीत म्हणून चॅनलने युरोपातल्या जुन्या, पन्नास-साठच्या दशकांतल्या पोशाखी चित्रपटांचं एक गाठोडंच उचललं होतं. रोमन सेनापती, इजिप्तच्या राण्या, समुद्रावरचे चाचे, वाळवंटातले डाकू. त्या चित्रपटांची एक सोय होती. माणसांचं बोलणं एका पट्टीवर आणि घोडे, तलवारी, संगीत वेगळ्या पट्टीवर. बोलणं काढून टाकलं की बाकी सगळं तयार. हे असं का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्याचं उत्तर आमच्या हॉलमध्ये शेंगा सोलत बसलं होतं.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी त्यांतला एक चित्रपट लॅपटॉपवर बघत होतो. पडद्यावर एक उघडाबंब, गोटा केलेला राजपुरोहित हिरोवर बोट रोखून गरजत होता. बायको चहा घेऊन आली आणि कप हातात धरूनच उभी राहिली.

“अरे थांब. मागे घे. ते नाक बघ, ते कान बघ. बाबा आहेत ते!”

सासऱ्यांनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं आणि ओळखीचा माणूस रस्त्यात भेटावा तसं म्हणाले, “हां, हा होय. ह्यात मला शेवटाला मगरींपुढं टाकतात. रबराच्या होत्या मगरी. एक सारखी पंक्चर व्हायची.”

सासरे काही वर्षं इटलीत सिनेमात होते, हे मला लग्न ठरतानाच सांगितलं होतं. कुणाच्या तरी आत्याला मंत्र्यांनी हार घातला होता, हे आपण जसं ऐकून सोडून देतो, तसं आम्ही ते सोडून दिलं होतं. पुढे सासूबाई असेपर्यंत तो विषय निघालाच नाही; त्यांना तो आवडत नसे. त्या गेल्यावर सासरे इचलकरंजीत एकटे पडले, म्हणून बायकोने त्यांना हट्टाने इकडे आणलं. आणि आता त्या राजपुरोहिताने त्यांच्या तोंडाचं झाकणच उघडलं.

त्यांना एका यंत्रमागवाल्या शेठजींनी यंत्रं शिकायला मिलानला पाठवलं होतं. तिथे ट्राममध्ये एका माणसाने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. सासऱ्यांना वाटलं, तिकीट तपासणारा आहे. तो निघाला सिनेमाला माणसं पुरवणारा. त्याने रोमला नेलं आणि मग मागाची यंत्रं राहिली बाजूला, हे सहा-सात वर्षं तिथेच राहिले.

“अहो जावईबापू, तिथं नियमच होता,” ते जेवताना सांगायचे. मी घाईत असलो की हमखास सांगायचे. “एका सिनेमात चार देशांचा पैसा. ज्याचा पैसा, त्याच्या देशाचं एक तोंड पडद्यावर दिसलंच पाहिजे. फ्रान्सचा पैसा म्हणून एक फ्रेंच बाई. तिला काम काय, तर राणीच्या मागं पंखा हलवायचा आणि दोन वेळा रडायचं. स्पेनचा पैसा म्हणून एक स्पॅनिश खलनायक. जर्मनांचा असला की तो एक ठरलेला, उंच, घारा. महायुद्ध झालं तेव्हा तो शाळेत होता बिचारा. पण जन्मभर त्यानं क्रूर अधिकारीच केले. स्वभावानं असा गरीब की घोड्याला टाच मारायची तर घोड्याची माफी मागायचा.”

“आणि हिंदुस्थानचा पैसा?” बायकोने विचारलं.

“तो कुठला? म्हणून तर मी उरलेलं सगळं. जे गोरं नाही ते माझं. पुरोहित, वजीर, अरबी शेख, मंगोल सरदार. पुढं काउबॉयचे सिनेमे आले तेव्हा रेड इंडियन आणि मेक्सिकन दरोडेखोर. एकदा तर सकाळी मी शेख होतो आणि दुपारी त्या शेखाला मारायला आलेला तुर्क.”

हे ते आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एका अमिराती गृहस्थांनाही सांगायला लागले, की मीही पूर्वी शेख होतो. मी त्यांचा हात धरून आमचा मजला यायच्या आधीच बाहेर पडलो.

त्यांच्या गोष्टींत एक अमेरिकन हिरो सारखा यायचा. अमेरिकेत त्याचे दिवस संपले होते. तिथे फोन वाजेना म्हणून तो रोमला आला आणि चिलखत घालून पुन्हा हिरो झाला. पोस्टरवर सगळ्यात मोठा तोच. त्याला घोड्यावर चढवायला दोघे जण लागायचे आणि चढल्यावर तो असा काही बसायचा, की खाली उभ्या माणसांनी आपोआप वाकावं. बाकीच्यांची नावं पोस्टरवर बदलून अमेरिकन करायचे, म्हणजे लोकांना सिनेमा अमेरिकेचाच वाटावा. सासऱ्यांनाही तीन वेगवेगळी नावं मिळाली होती. ती त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाहीत. “जाऊ दे ती,” म्हणायचे. त्या अमेरिकनाचं पुढं काय झालं, असं मुलीने विचारलं. “पोशाखी सिनेमे संपले, मग काउबॉय झाला. ते संपले, मग आम्हालाच कळलं नाही काय झाला. तसं सगळ्यांचंच झालं. कामं संपली की कुणी कुणाला कळवत नव्हतं.”

मला खरी अडचण पुढच्या आठवड्यात कळली. राजपुरोहिताचे ओठ कशाशीच जुळत नव्हते. इटालियन संवादांची प्रत माझ्याकडे होती, तिचं हिंदी झालं होतं. पण त्या माणसाचं तोंड भलत्याच वेळी उघडत होतं आणि भलत्याच वेळी मिटत होतं. मी वैतागून घरी ते दृश्य पुन्हा पुन्हा चालवत होतो.

मुलगी मागून बघत होती. “आजोबा, यू आर नॉट इव्हन सेइंग वर्ड्स!”

“शब्द नाहीच ते. औटकी म्हणतोय मी.”

मी लॅपटॉपवरून हात काढले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या आधीच्या पिढीने पावकी, दिडकी, औटकी असले अपूर्णांकांचे पाढे छड्या खात पाठ केले. माझ्या वाट्याला ते आले नाहीत.

“अहो, तिथं सेटवर बोलण्याचा आवाज घेतच नव्हते,” सासरे म्हणाले. “अमेरिकन इंग्रजीत बोलायचा, जर्मन जर्मनमध्ये, फ्रेंच बाई फ्रेंचमध्ये. कुणाचं कुणाला कळत नव्हतं. समोरच्याचं तोंड मिटलं की आपलं उघडायचं. आणि डायरेक्टर शूटिंग चालू असतानाच भोंग्यातून ओरडायचा, डावीकडं बघ, रागाव, आता मर. मी पहिल्यांदा इटालियन वाक्यं पाठ करून गेलो. तो म्हणाला, कशाला? काहीही बोल, पण चिडून बोल. मला चिडून आणि न अडखळता येणारी एकच गोष्ट होती. दोन औटे सात, तीन औटे साडेदहा, चार औटे चौदा...”

त्यांनी बोट रोखलं, भुवया चढवल्या आणि पडद्यावरच्या तोंडाबरोबर अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीचं तोंड तंतोतंत हललं. मुलगी टाळ्या वाजवायला लागली. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी मनातल्या मनात डोकं आपटत होतो, कारण माझी हिंदी वाक्यं आता साडेतीनच्या पाढ्यात बसवायची होती.

आणि मग त्यांनी ते विचारलं. माझ्याकडे न बघता, शेंगेचं टरफल बोटांत फिरवत.

“जावईबापू, एवढे सिनेमे केले, पण माझा आवाज एकातही नाही. सगळीकडं दुसराच कुणी बोलतो. हा एक तुमच्या हातात आलाय. ह्याचं हिंदी मी बोलू का?”

मी म्हणालो, “बघू.”

आमच्या घरात, आमच्या आळीत, मी वाढलो त्या सगळ्या पुण्यात ‘बघू’ या शब्दाला एक मान होता. तो ऐकला की माणूस विषय बदलायचा आणि चहाचं विचारायचा. सासऱ्यांनी विषय बदलला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते गुळण्या करायला लागले, मिठाच्या पाण्याच्या, सकाळ-संध्याकाळ, दार उघडं ठेवून. थंड पाणी बंद केलं. इचलकरंजीला फोन करून मित्राला सांगितलं, की जावयाने काम दिलंय.

“तू त्यांना हो कशाला म्हणालास?” बायकोने विचारलं.

“मी हो म्हणालो नाही. मी बघू म्हणालो.”

“तुझं ‘बघू’ म्हणजे घाबरट माणसाचं ‘नाही’. ते त्यांना कसं कळणार?”

“सगळ्यांना कळतं.”

“पुण्यात कळत असेल. ते पुण्याचे नाहीत. आणि आता मोडलंस तर बघ, त्यांचा व्हिसा संपायला आलाय, ते तसेच हिरमुसून परत जातील. आईनंतर पहिल्यांदा गुळण्या करतायत ते, एवढ्या हौसेने.”

गुळण्यांत हौस असते, हे मला तेव्हा कळलं.

यात आणखी एक माणूस होता. पुरोहिताचं काम मी आधीच एका भोपाळच्या कलाकाराला दिलं होतं. भारदस्त आवाज, साफ उर्दू. दिवसा तो एका फर्निचरच्या शोरूममध्ये होता. ते शोरूम बंद पडलं आणि आता आमचं डबिंग तेवढं उरलं होतं. त्याचा फोन आला, “भाईसाहब, पुरोहित का कब रखा है?” मी म्हणालो, “देखते हैं.” म्हणजे एकाच भूमिकेवर मी दोघांना लटकवून ठेवलं होतं. दोघांचाही चेहरा डोळ्यांसमोर आला की मला अन्न गोड लागत नव्हतं, तरी दोघांनाही स्पष्ट काही सांगवत नव्हतं. साहेबाला विचारलं, की माझ्या सासऱ्यांचा आवाज एकदा घेऊन बघायचा का. तो फोनवर होता. हात हलवून म्हणाला, “इन्शाल्ला.” त्याचा इन्शाल्लाही माझ्या बघूचाच भाऊ. पण मी त्यातून मला सोयीचा तेवढा अर्थ काढून घेतला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सासऱ्यांनी सदरा-पायजमा सोडून सूट घातला. शेडमध्ये संगमरवराची पूड पसरलेली. त्यांचे बूट पांढरे झाले. करवत थांबेपर्यंत ते कोपऱ्यात स्टुलावर ताठ बसून होते. करवत थांबली तसा मी खूण केली. त्यांनी हेडफोन असा चढवला, जणू मुकुट.

वाक्य होतं, “देवताओं का प्रकोप तुझे भस्म कर देगा!”

ते गरजले, “देवता का कोप तेरे को भस्म करेंगा!”

मी काच वाजवली. “बाबा, करेंगा नाही. कर देगा.”

“तेच म्हणालो की हो.”

“तुम्ही करेंगा म्हणालात.”

“इचलकरंजीत सगळ्या मारवाड्यांना माझं हिंदी कळतं.”

पुन्हा घेतलं. पुन्हा. उच्चार एकवेळ सुधारता आले असते. ओठ तर असे जुळत होते, की आमचा ध्वनिमुद्रक मल्याळी गडी चकित होऊन माझ्याकडे बघायला लागला. इतक्या वर्षांत असं जुळलेलं त्याने पाहिलं नव्हतं. पण मग ते सगळं एकत्र लावून ऐकलं. पडद्यावर तिशीच्या आतला, पाठीचे पीळ दिसणारा माणूस होता आणि त्याच्या तोंडातून एक दमलेला, कडांना फाटलेला, दाताच्या कवळीवरून घसरणारा आवाज येत होता. तो त्याचाच आवाज होता. तरी त्याचा वाटत नव्हता.

सासरे बूथमधून घामाघूम बाहेर आले. त्यांनी ते ऐकलं, डोळे मिटून, शेवटपर्यंत. मला वाटलं, त्यांनाही कळलं असेल. त्यांनी डोळे उघडले. “उत्तम झालं. नाही?”

मी काय म्हणालो, ते सांगायलाच हवं का? “बघू साहेब काय म्हणतो,” म्हणालो.

साहेबाने दुसऱ्या दिवशी पहिलंच वाक्य ऐकून हेडफोन काढला. “हबीबी, हा आजोबा कोण? चेहरा तिशीचा, आवाज ऐंशीचा. लोकांना वाटेल, पुरोहिताच्या पोटात आणखी एक माणूस बसलाय. खलास. तुझा तो शोरूमवाला बोलाव.”

ते माझे सासरे आहेत, असं मी सांगितलं. त्याने हेडफोन खाली ठेवला. छातीवर हात ठेवून म्हणाला, “त्यांना माझा सलाम सांग.” आणि निघून गेला. त्याचं बरोबर होतं, हाच माझा वैताग होता. कुणीतरी चुकला असता तर मी त्याच्यावर चिडून मोकळा झालो असतो.

मी घरी जाताना तीन-चार बहाणे तयार केले. मशीन बिघडलं. चॅनलने तो चित्रपटच रद्द केला. आधीच करार झाला होता. शेवटचा मला फारच पटला. संध्याकाळची वेळ होती, सासरे बाल्कनीत शारजाच्या बाजूला अडकलेला ट्रॅफिक बघत होते. मी बाहेर आलो तसे अर्धवट उठले. त्या अर्धवट उठण्याने माझे सगळे बहाणे घशातच राहिले.

“बाबा, बसा. तुमचा आवाज नाही वापरणार आम्ही. चेहरा तरुण आहे, आवाज म्हातारा वाटतो. साहेबही तेच म्हणाला, पण मला ते कालच कळलं होतं. मी तुम्हाला आधीच नाही म्हणायला हवं होतं.”

ते पुन्हा खुर्चीत बसले. खाली कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता.

“म्हातारा वाटतो?”

“हो.”

“म्हाताराच आहे,” ते म्हणाले, पण रागाने. मग खुर्ची ट्रॅफिककडे वळवली. मला वाटलं, आता बॅग भरतील. ते बोलायला लागले तेव्हा आवाज खाली आला होता.

“पहिला सिनेमा लागला तेव्हा मी रोममध्ये जिच्याकडं राहत होतो त्या बाईला, तिच्या दोन मुलींना, जावयाला, सगळ्यांना घेऊन गेलो. मी डायरेक्टरला विचारलं होतं, माझा आवाज कधी घेणार? त्यांच्या भाषेतही असला एक शब्द आहे, तुमच्या बघूसारखा. तेवढाच एक शब्द तो म्हणाला. मला वाटलं, बोलावतील. कुणी बोलावलं नाही, तरी दुसरा कुणी माझं बोलेल हे डोक्यातच आलं नाही. थेटरात अंधार झाला, मी आलो पडद्यावर, तोंड उघडलं आणि दुसराच माणूस बोलायला लागला. गोड, खर्जातला, थेट ऑपेरातला. मी खुर्ची धरून बसलो. बाहेर आल्यावर ती बाई मला म्हणते, किती सुंदर आवाज आहे हो तुमचा. रोज सकाळी कॉफी मागताना माझा आवाज ऐकायची ती. रोज. आणि मी काय म्हणालो असेन?”

“काय?”

“धन्यवाद म्हणालो.” ते हसले नाहीत. “पुढंही कुणी सांगत नव्हतं. प्रत्येक सिनेमाला मला वाटायचं, ह्या वेळी बोलावतील. नाही म्हणायला काय जात होतं हो त्यांचं?”

आत बायको दाराशी येऊन थांबली होती. तिने पोळ्या करायला घेतल्या नव्हत्या, हे मला लाटण्याचा आवाज येत नव्हता त्यावरून कळलं. सासरे त्या रात्री जेवले, पण मुलीशीच बोलले. मला ‘जावईबापू’ म्हणाले नाहीत. मी पाणी दिलं तेव्हा पेला घेतला आणि टेबलावर ठेवला.

सकाळी ते तयार होऊन दारात उभे होते. सूट नव्हता, सदरा होता.

“कोण बोलणार आता माझं?”

“एक भोपाळचा आहे.”

“मला बघायचाय तो.”

मला नको होतं. मला आता त्या दोघांना एका शेडमध्ये बघण्याची ताकद नव्हती. पण आदल्या दिवशी एक नाही म्हणून झालं होतं आणि लागोपाठ दोन नाही म्हणण्याइतकी माझी तालीम झाली नव्हती.

भोपाळचा कलाकार वेळेआधीच येऊन बसला होता. मी ओळख करून दिली. तो उठला, पडद्याकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं आणि एकदम वाकला. “चचा! ये आप हैं? तो मैं कौन होता हूँ बोलनेवाला?”

“तुमीच बोलो,” सासरे म्हणाले. “मेरा आवाज बूढा हो गया. ये बोले.” आणि हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

पुढचा तास माझ्या नोकरीतला सगळ्यात त्रासाचा तास होता. सासरे बूथच्या आतच, कलाकारासमोर स्टूल ओढून बसले. प्रत्येक वाक्याला हात वर. हे जास्त रागाचं झालं. हे कमी झालं. “यहाँ मैं गुस्सा नहीं था बेटा, यहाँ मेरे को भूक लगी थी. सामने खाने की गाडी आयी थी.” कलाकार हसायचा, टेक वाया. मी काच वाजवायचो. राणीपुढच्या दृश्यात ते म्हणाले, राणीला सर्दी झाली होती, म्हणून मी अर्धं पाऊल मागं आहे, तर आवाजही अर्धं पाऊल मागं पाहिजे. ध्वनिमुद्रकाने कपाळाला हात लावला. करवत सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि पुरोहित अजून मगरींपर्यंत पोचला नव्हता.

“चचा,” कलाकार म्हणाला, “बस आप मुँह चलाइए. मैं आपको देख के बोलता हूँ, स्क्रीन को नहीं.”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ते ताठ बसले, बोट रोखलं आणि आवाज न करता औटकी म्हणायला लागले. कलाकाराची नजर त्यांच्या ओठांवर, आणि त्याच्या तोंडून देवतांचा प्रकोप, असा नेमका, असा धारदार, की मी पुढचं वाक्य द्यायला विसरलो. शाप झाला. मगरी झाल्या. शेवटच्या किंकाळीला सासऱ्यांनी तोंड पूर्ण उघडलं, मान मागे टाकली, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज एवढासाही केला नाही. ओरडला तो भोपाळचा. त्याच्या किंकाळीच्या शेपटावरच शेजारची करवत सुरू झाली.

परत जाताना गाडीत ते ओठांतल्या ओठांत पुन्हा औटकी म्हणत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, “चांगला आहे पोरगा. पण जावईबापू, राणीपुढचं वाक्य त्यानं घालवलं. ओठांआधी शब्द संपवला. ते तेवढं उद्या मी म्हणतो. एका वाक्यात कुणाला वय कळतंय?”

माझ्या तोंडात सवयीचा शब्द आला होता. मी तो गिळला.

“नाही, बाबा.”

त्यांनी मान फिरवून माझ्याकडे पाहिलं.

“बरं,” ते म्हणाले. सिग्नल सुटला. “मग त्यालाच बोलवा उद्या. पण ते वाक्य तसंच जाऊ देऊ नका.”